उंट चढला एसटीन

चंद्रावतीच्या तोंडात तीळ भिजत नाही, हे पेणजवळच्या जोहे गावात शेंबड्या पोरालाही ठाऊक होतं. कुणाच्या सुनेला डोहाळे लागले, कुणाचा जावई रुसून बसला, कुणाच्या कारखान्यात गणपतीची सोंड वाकडी निघाली, सगळं आधी चंद्रावतीला कळायचं आणि दुपारच्या आत गावाला. बाई स्वभावाने सोन्यासारखी. कुणाचं दुखलंखुपलं की हातातलं काम टाकून धावणारी. पण गुपित म्हणून काही ठेवायचं असेल, तर ते तिच्याजवळ ठेवू नये. आणि नेमकी तिनेच बायकांच्या पापड-गटाची चावी सांभाळायची हौस धरली. चावी तरी कसली, तर कमरेला नाही, गळ्यात नाही, पोटात ठेवायची. आता बोला!

त्याचं असं झालं. जोह्यात घरोघरी मूर्तींचे कारखाने असले, तरी चंद्रावतीच्या गटातल्या बायका पोह्यांचे पापड लाटायच्या. आधी सगळा माल पेणच्या बाजारात सुजयच्या दुकानात जायचा. सुजय पाकिटावर आपलं लेबल लावायचा, वर आपला हसरा फोटो छापायचा, आणि ठाण्या-पुण्याच्या लोकांना वाटायचं, हाच गडी पहाटे उठून पापड लाटतो. मग चंद्रावतीच्या लेकीने, नमिताने, गटाला मोबाइलवर स्वतःचं पेज काढून दिलं. पेज म्हणजे तांदळाची, एवढंच तोवर बायकांना माहीत. पण या पेजेने पोट चांगलंच भरलं. नाव ठेवलं ‘खाडीकाठचे पापड’. वर सगळ्या बायकांचा फोटो, पदर नीट केलेला, हातात लाटणी. पहिल्यांदा तो फोटो बघितला तेव्हा गटाची म्होरकी हौसा पदराने डोळे पुसत बसली होती.

आणि माघी गणपतीच्या ऐन गडबडीत ते पेज चोरीला गेलं. पेज चोरीला जातं हेच आधी कुणाला पटेना. पासवर्ड होता ‘papad123’, आणि तो गटातल्या प्रत्येकीला पाठ होता. प्रत्येकीच्या घरात पाठ होता. चंद्रावतीने तर तो गिरणीवर पीठ दळून होईस्तोवर चार बायकांना कौतुकाने ऐकवला होता. कोण कुठला भामटा आत शिरला, त्याने बायकांच्या फोटोखाली आपला नंबर टाकला, गिऱ्हाइकांकडून आगाऊ पैसे उकळले आणि पापडाचा तुकडाही पाठवला नाही. लोकांनी शिव्या घातल्या त्या बायकांना. नमिताने अर्ज-विनंत्या करून, हजार खटपटी करून पेज परत मिळवलं, पण बायकांच्या मनातली धडकी काही गेली नाही.

“चंद्रे, आता पुरे,” हौसा मीटिंगमध्ये म्हणाली. “पेज सुजयला देऊ या. तो सांभालंल, आपन पापड लाटू.”

सुजय तयारच होता. तसा वाईट नव्हता हो पोरगा. गोड बोलायचा, अडीनडीला यायचा. “काकी, टेन्शन माझं, पापड तुमचे,” एवढंच त्याचं म्हणणं. फक्त पेजवर बायकांचा फोटो जाऊन पुन्हा त्याचा हसरा चेहरा येणार होता.

चंद्रावती उठून उभी राहिली. “मी सांभालते चावी,” ती म्हणाली. “एकटी. कुनाला कलनार नाय.”

बायका हसल्या. इतक्या हसल्या की एकीला ठसका लागला. हौसा मात्र हसली नाही. हौसाच्या लेकीचं, भूमिकाचं, लग्न होळीनंतर ठरलं होतं. ती म्हणाली, “बरा. भूमिकाच्या लग्नापरत बघू. तोवर चावी तुझ्या तोंडातून निंगाली नाय, तर पेज आपला. निंगाली, तर लगीन उरकल्याव सुजयला द्याचा. मग रडाचा नाय.”

“नाय रडनार,” चंद्रावती म्हणाली, आणि घरी येऊन नवऱ्यापुढे रडली. नवरा जनू, मुलखाचा अबोल. त्याने तिचं सगळं ऐकून घेतलं, चहा केला आणि पुढ्यात ठेवला.

दुसऱ्या दिवशी चंद्रावतीने रोह्याची गाडी पकडली. कासू स्टेशन यायच्या आत शेजारच्या बाईला चोरीची हकिगत सांगून झाली, आणि नागोठण्याला त्या बाईने उतरताना सल्ला दिला की मोबाइलच विकून टाका. नमिता रोह्याला दिलेली. जावई धाटावच्या कंपनीत शिफ्टला, आणि ती तिथल्याच दुसऱ्या कंपनीच्या ऑफिसात. सुट्टी होती म्हणून घरी होती.

“आई, नवा पासवर्ड काय ठेवायचा मनात आहे?” तिने विचारलं.

“तुझ्या बापाचा नाव न तुझ्या जन्माचा साल.”

“हे तर अख्ख्या जोह्याला माहितीये.”

“मग लग्नात गातात त्या धवल्यातली एखादी ओल?”

“ती अख्ख्या पेण तालुक्याला पाठ आहे. आई, माणसं माणसांसारखाच विचार करतात. तुला जे पहिलं सुचतं ना, तेच चोराला पहिलं सुचतं.” नमिताने आईपुढे भाजणीचं थालीपीठ सरकवलं. “आम्हाला ऑफिसात शिकवलंय. पासवर्ड अवघड नको, लांब हवा. एका शब्दाचं कुलूप मशीन चुटकीत फोडतं. पण चार शब्द घ्यायचे, एकमेकांशी काडीचा संबंध नसलेले, आणि एकापुढे एक लावायचे. मग मशीन बसतं डोकं आपटत. माणसाच्या मात्र ते लक्षात राहतं.”

“संबंद नसलेले म्हंजे? तुझा बाप न त्याचा भाऊ?”

“आई!”

चंद्रावतीने विचार केला. बराच केला. मग सुनावलं, “जिताडा, कोलंबी, बोंबील, निवटी.”

“हा मासळीबाजार झाला,” नमिता कपाळाला हात लावून म्हणाली. “आपण निवडायचंच नाही. आपलं मन रोजच्या वाटेनेच जातं. हा घे पेपर. डोळे मिट आणि बोट ठेव.”

चंद्रावतीने देवाचं नाव घेऊन डोळे मिटले. पहिलं बोट पडलं राजस्थानच्या सहलीच्या जाहिरातीवर, उंटावर. दुसरं पडलं एसटीवर. तिसरं पडलं ‘निविदा’वर.

“ही निविदा कोन?”

“टेंडर गं. सरकारी कामाचं.”

“मना वाटला कुनाची लेक हाय.”

चौथं बोट कान-नाक-घसा तज्ज्ञाच्या कानावर पडलं. उंट, एसटी, निविदा, कान. चंद्रावतीने चार वेळा घोकलं, मग चहा टाकायला उठली, आणि चहा उकळेपर्यंत सगळं स्वच्छ विसरली. “हत्ती,” ती म्हणाली. “एसटी. मग ती लेक. न नाक.”

नमिताला हसावं की रडावं कळेना. “अगं, नुसतं घोकू नकोस. चारही शब्दांचं मिळून एक चित्र कर. जितकं खुळ्यासारखं, तितकं चांगलं.”

आता खुळ्यासारखं करण्यात चंद्रावतीचा हात धरणारं कुणी नव्हतं. पंचक्रोशीतल्या हळदी-लग्नांत उखाणा घ्यावा तर तिने. दरवेळी नवा, दरवेळी असा की म्हाताऱ्या बायकांनीही तोंडाला पदर लावावा. ती कप हातात घेऊन खिडकीशी उभी राहिली, ओठ हलवले, मान डोलावली, आणि वळून म्हणाली:

“उंट चढला एसटीन, निविदा भरली कानान,
जनूरावांचं नाव घेते, पापड वालतात उनान.”

नमिताला इतकं हसू आलं की तिने चहाचा कप खाली ठेवला. ‘एसटीत’ नाही, ‘एसटीन’. ‘कानात’ नाही, ‘कानान’. सगळं आईच्या बोलीतलं. “असंच लिही,” ती डोळे पुसत म्हणाली. “शुद्धलेखन तपासायला कुणी बसलेलं नाही. उलट हे कुठल्या डिक्शनरीत सापडायचं नाही. पण फक्त पहिली ओळ. बाबांचं नाव नको त्यात, दुसरी ओळ नुसती तुझ्यापुरती.”

चंद्रावतीने इंग्रजी अक्षरांत, एकेक बोट दाबत, पहिली ओळ सलग टाइप केली. पेज उघडलं. मग बंद केलं, पुन्हा उघडलं. कागद लागला नाही, कुणाला विचारावं लागलं नाही. तिला स्वतःचा असा अभिमान वाटला, की तो गिळायला दुसरा चहा करावा लागला.

“आता ऐक,” निघताना नमिताने तिचे दोन्ही हात धरले. “हे मनात म्हणायचं. ओठांवर येऊ द्यायचं नाही. बाबांनाही सांगायचं नाही. आणि फोनवर आकडा आला आणि कुणी तो मागितला, तर तोही द्यायचा नाही. बँकेतनं बोलतो म्हणाला तरी नाही.”

“देव आला तरी नाय,” चंद्रावती म्हणाली.

देव आला असता तर एक वेळ निभावलं असतं. खरा छळ केला तो उखाण्यानेच. कारण, अहो, हा तिच्या आयुष्यातला सगळ्यात भारी उखाणा होता! आजवर तिने केलेला उखाणा कधी शिळा होईपर्यंत पोटात ठेवला नव्हता. आणि हा तर रोज सकाळी पेज उघडताना मनात म्हणायचा, रोज मनातल्या मनात हसायचं, आणि गप्प बसायचं. पापड लाटताना तिला मधेच हसू फुटायचं. बायका विचारायच्या, “काय झाला गो?” ती लाटणं जोरात फिरवायची आणि म्हणायची, “काय नाय.” चंद्रावती ‘काय नाय’ म्हणाली, ही बातमी गावात दोन दिवस चालली.

एकदा अगदी अनावर झालं तेव्हा ती जनूपाशी गेली. “तुमाला एक सांगू?”

जनूने मान वर केली.

“नाय सांगत,” ती म्हणाली आणि परत फिरली. जनू बिचारा तिच्या कपाळाला हात लावून ताप बघायला आला.

पण दिवस सरले. पेज जागेवर होतं, ऑर्डरी येत होत्या, रागावलेली गिऱ्हाइकं परतत होती. सुजयही अधूनमधून चौकशी करायचा, “काय काकी, चावी शाबूत?” चंद्रावती नुसती मान हलवायची. आता उरली होती फक्त भूमिकाची हळद आणि लग्न.

हळद म्हणजे काय असते, हे जोह्यात राहणाऱ्याला सांगायला नको. हौसाच्या दारात हा मोठा मांडव. डीजेचे डबे एकावर एक रचलेले. ऊन कलायच्या आतच अख्खा गाव पिवळा झालेला. पापडांच्या जुन्या ओळखीतून सुजयलाही आमंत्रण होतं, आणि सुजयला माइक दिसला की तो दुसऱ्या कुणाच्या हातात राहत नाही. एका हातात माइक, दुसऱ्या हातात व्हिडिओ काढायला मोबाइल, आणि तोंडाची टकळी चालू.

भूमिकाला हळद लावून झाली आणि बायकांनी गलका केला, “नाव घ्या, नाव घ्या!” दोघी-तिघींनी लाजत, मुरडत घेतली. मग सगळ्यांच्या माना एकीकडे वळल्या.

“चंद्रावती! नाव घे गो!”

“काकी आल्याशिवाय हळद पुरी होते का?” म्हणत सुजयने माइक तिच्या हातात दिला आणि मोबाइल तिच्यासमोर धरला.

चंद्रावतीने सावधपणे एक जुना, पाठचा उखाणा काढला. पहिले दोन शब्द तोंडातून निघाले न निघाले, तोच सगळ्या बायकांनी तो एका सुरात पुरा केला. “जुना झाला! जुना झाला!” तिने दुसरा काढला. तोही पुरा झाला. “शिला माल नको! नवा पायजे!” बायका टाळ्या पिटायला लागल्या, पोरी ओरडायला लागल्या, डीजेवाल्याने ढोल वाजवून घेतला. चंद्रावतीच्या अंगात आलं. माइक हातात, माणसं समोर, आणि गेले कित्येक दिवस आत उड्या मारणारं ते. तिने मान उंचावली आणि ठसक्यात म्हटलं:

“उंट चढला एसटीन...”

मांडव हसून कोसळायचा बाकी राहिला. डीजेच्या डब्यांतून तो उंट पार खाडीपर्यंत गेला.

आणि चंद्रावती भानावर आली. अगं बाई! काय बोलले मी हे?

समोर सुजयचा मोबाइल, त्याच्यावर लाल टिपका लुकलुकतोय. बाजूला हौसा, हात हळदीने माखलेले, हसत पुढची ओळ ऐकायला टपलेली. अर्धी चावी बाहेर पडली होती. दोन शब्द गेले, दोन उरले.

“मग? पुढं काय गो उंटाचा?”

दुसरं काहीतरी जोड, तिने स्वतःला बजावलं. काहीही. एसटीन, पेटीन, वाटीन... पण डोक्यात दुसरं काही येईचना. जे येत होतं ते तेच, तयार, तालासुरात, ओठांच्या आतल्या बाजूला येऊन उभं. निविदा भरली कानान. म्हणून टाकलं असतं तर असा हशा पिकला असता की वर्षभर लोकांनी सांगितलं असतं. नाही म्हटलं, तर पंचक्रोशीची उखाणेवाली भर मांडवात अडकली, हे वर्षभर सांगितलं असतं. चंद्रावतीने ओठ घट्ट मिटले. इतके घट्ट, की बघणाऱ्याला वाटावं दाढ दुखतेय.

टाळ्या विरल्या. पोरी कुजबुजायला लागल्या. “अडली! चंद्रावतीकाकी अडली!” कुणीतरी खिदळलं. माइक टाकून पळून जावं असं तिला वाटलं. पण नाव घ्यायला उभं राहून न घेता बसायचं, तेही हौसाच्या लेकीच्या हळदीला, हे काही तिला जमणारं नव्हतं.

“उंट उतरला,” ती म्हणाली. लोक हसले, पण ती हसली नाही. “यमक नाय जुलत. असाच सांगते.”

तिने पुरुषांच्या बाजूला एकदा बघितलं.

“माझ्या नवऱ्याचा नाव जनू. लगीन झाला तवा मना वाटला, ह्यो मानूस काय बोलत नाय, ह्याच्यासंगं दिस कसं काढाचं? तो अजून बोलत नाय. पन मी बोलते ना, तो सगला ऐकतो.” तिने माइक दुसऱ्या हातात घेतला. “गावान मना सगली बोलतात, चंद्रे, गप बस. आई बोलाची, सासू बोलाची, ही हौसा रोज बोलते. पन ह्या मानसानी इतक्या वर्सांत एकदा सुदा मना ‘गप’ नाय म्हटला. बस. हाच माझा उखाना.”

तिने माइक सुजयच्या हातात कोंबला आणि खाली मान घालून बसली.

टाळी कुणी वाजवली नाही. एका म्हातारीने पदर डोळ्यांना लावला. पुरुषांच्या बाजूला जनू बसला होता, त्याने टोपी काढली, झटकली, परत घातली आणि मग पुन्हा काढली. बाजूच्यांनी त्याच्या पाठीत प्रेमाचे गुद्दे घातले.

“पण काकी, त्या उंटाचं काय झालं?” सुजयने हसून माइकवर विचारलं. “एसटीत चढून करणार काय होता?”

हौसा बसल्या जागेवरून चंद्रावतीकडे बघत होती. त्या दोघी एकाच वर्षी या गावात सुना म्हणून आलेल्या. चंद्रावती बोलता बोलता थांबली, हे हौसाने आजवर कधी पाहिलं नव्हतं. तापात नाही, बाळंतपणात नाही, सासऱ्याच्या तेराव्याला नाही. मग हिला आताच काय झालं? आणि हौसाच्या डोक्यात लख्ख उजेड पडला.

ती उठून चंद्रावतीच्या कानाशी वाकली. “ती चावी व्हती?”

चंद्रावतीने मान हलवली. डोळ्यांत पाणी. “अर्दी निंगाली गो,” ती पुटपुटली. “हरले मी. दे सुजयला.”

“गप!” हौसा म्हणाली, आणि लगेच जीभ चावली. मग तिने हळदीच्या हाताने सुजयच्या हातातला माइक ओढून घेतला. पिवळी बोटं त्याच्या नव्या कुडत्यावर उमटली.

“सुजय, तुझा मोबाइल बंद कर आदी,” ती डीजेवरून गरजली. “न ऐक. पापडांचा पेज आमच्याकंच राहील. चावी चंद्रावतीकं राहील. भर मांडवान, समद्यांनी हसून घेतला तरी जी बाई तोंड मिटून धरते, तिच्यापरास मोठा कुलूप मना म्हाईत नाय. वाजव रे डीजे!”

गटाच्या बायकांनी जी किंकाळी फोडली, ती ऐकून नवरीसुद्धा दचकली. सुजयने हात जोडले, हसला, व्हिडिओ बायकांच्या देखत पुसून टाकला आणि स्वतः नाचायला आला. तसा वाईट नव्हताच तो.

नमिताला फोन लावून चंद्रावतीने तिथल्या तिथे चावी बदलायची ठरवली. मांडवाच्या मागे पाण्याच्या पिंपाशी उभी राहून तिने लग्नपत्रिकेवर डोळे मिटून बोट ठेवलं, चार वेळा, आणि एकटीच खुदकन हसली. ते चार शब्द कोणते, हे आम्हालाही माहीत नाही. विचारूनही उपयोग नाही.

मग जेवणं झाली. अजून उजेड होता तोवर चंद्रावती आणि जनू घराकडे निघाले. बांधाची वाट, दोन्हीकडे कापणी झालेली शेतं. एरवी या वाटेवर ती मांडवातल्या प्रत्येकीच्या साडीपासून सुरुवात करायची आणि दारात पोचली तरी जेवणाच्या पानापर्यंत आलेली नसायची. आज तिच्या तोंडून शब्द फुटेना. सगळ्या गावासमोर आपण काय बोलून बसलो, ते तिला आता आठवत होतं, आणि नवऱ्याकडे बघायचीही लाज वाटत होती.

जनू पुढे चालत होता. मधे थांबला. ती जवळ येईपर्यंत उभा राहिला. घसा खाकरला.

“बोल ना गो कायतरी,” तो म्हणाला. “घर लांब हाय.”